नॉलेज बेसमधून एखादे विधान काढल्यावर त्याच्या निष्कर्षांचे काय करावे?

कोथरूडकर: पुण्यातील पावसाळी वाहतुकीचा एक लहान नॉलेज बेस (विधाने आणि नियम यांचा संगणकीय साठा) मी प्रोलॉग या तर्काधारित प्रोग्रॅमिंग भाषेत बांधत आहे. खडकवासला धरणातून मोठा विसर्ग सुरू असेल तर नदीवरचा सखल भिडे पूल बंद, असा नियम त्यात आहे आणि उत्तरे लवकर मिळावीत म्हणून ‘पूल बंद’ हा निष्कर्षही मी असर्ट करून (म्हणजे साठ्यात नोंदवून) ठेवतो. विसर्गाचे विधान रिट्रॅक्ट केले, म्हणजे काढून टाकले, तरी हा निष्कर्ष मागे उरतो. तो हाताने काढावा, तर पूल दुरुस्तीसाठीही बंद असू शकतो. यावर शिस्तशीर उपाय कोणता?

तर्कप्रेमी: मूळ विधाने आणि त्यांतून निघालेले निष्कर्ष यांना एका पंक्तीत बसवू नये. प्रत्येक निष्कर्षासोबत त्याची समर्थने नोंदवावीत. शेवटचे समर्थन गेले की निष्कर्षही जातो, आणि दुरुस्तीचे कारण शिल्लक असेल तर टिकतो. जॉन डॉयल यांची १९७९ मधील ट्रुथ मेंटेनन्स सिस्टिम याच कल्पनेवर उभी आहे. दोन निष्कर्ष केवळ एकमेकांच्या आधारावर तग धरून राहत नाहीत ना, हे मात्र तपासावे लागते. (इतक्या लहान प्रकल्पात निष्कर्ष साठवूच नयेत, असे माझे मत आहे.)

नदीकाठ: त्याआधी विधान का काढले जात आहे, ते ठरवायला हवे. विसर्गाची बातमीच खोटी होती, की विसर्ग आता थांबला? पहिल्या प्रसंगी पूल बंद मानण्याचे ते कारण मुळातच नव्हते. दुसऱ्या प्रसंगी पाणी ओसरेपर्यंत पूल बंदच असेल. कात्सुनो आणि मेंडेल्झॉन यांनी १९९१ मध्ये हाच भेद रिव्हिजन (आपली समज सुधारणे) आणि अपडेट (जग बदलल्याची नोंद घेणे) म्हणून काटेकोरपणे मांडला. समजा, भिडे पूल आणि नदीपात्रातील रस्ता यांपैकी नेमके एकच खुले आहे, एवढेच आपल्याला ठाऊक आहे. त्याच क्षणाबद्दल ‘पूल खुला आहे’ असे कळले, तर रस्ता बंद असल्याचे सिद्ध होते. परंतु पूल आधी खुला असो वा बंद, तो आता खुला राहील अशी व्यवस्था नुकतीच केली असे कळले, तर रस्त्याबद्दल काहीही म्हणता येत नाही, कारण तो आधीपासून खुला असू शकतो.

कोथरूडकर: मला दोन्ही प्रसंग हाताळायचे आहेत. दोन वेगळ्या यंत्रणा लिहाव्या लागतील का?

नदीकाठ: नाही. कोवाल्स्की आणि सर्गॉट यांचे १९८६ मधील इव्हेंट कॅल्क्युलस पाहावे. त्यात घटना वेळेसह नोंदवतात आणि कोणत्या क्षणी काय खरे होते, हे नियमांनी काढतात. विसर्ग थांबला तर तशी नवी घटना जोडायची, जुनी नोंद पुसायची नाही. पूल खुला होणे ही वेगळी घटना ठेवायची. बातमी खोटी निघाली, तरच मूळ नोंद काढायची.