मदत हवी आहे: कोड येतो, सर्किट कळत नाही
मंडळी, मी मूळचा बॅकएंडवाला, सध्या ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) घेऊन हार्डवेअर शिकतोय. एलईडी, बटन, सेन्सर इथपर्यंत लायब्ररी टाकून निभावलं, पण सर्वो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरणारी) जोडली की बोर्ड मधेच रीसेट होतो आणि सिरीयल मॉनिटरवर (बोर्डचे मेसेज दिसतात ती विंडो) ब्राउनआऊट, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा एरर येतो. मोटर सुरू होताना करंट जास्त ओढते अन् व्होल्टेज पडतं एवढं समजलं, सर्वोला वेगळा ५ व्होल्ट सप्लाय द्यायचा आणि ग्राउंड कॉमन ठेवायचा हेही वाचलं, पण व्होल्टेज सावरायला सोबत लावायचा कपॅसिटर कितीचा हे ठरवायचं कशावरून? कोणी १०० मायक्रोफॅरड म्हणतं कोणी १०००, का ते कोणीच सांगत नाही. सॉफ्टवेअरमध्ये निदान स्टॅक ट्रेस (कोड कुठे फसला ते दाखवणारी यादी) तरी मिळतो हो!

दुसरं, मल्टिमीटर आहे पण व्होल्टेजचा क्षणभराचा डिप त्यात दिसतच नाही. मग लॉजिक अॅनालायझर घेऊ का थेट ऑसिलोस्कोप (व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं बदलतं ते दाखवणारा)? मला वाटतं लॉजिक अॅनालायझर नुसते ० आणि १ दाखवणार, सप्लायच्या भानगडीत त्याचा काय उपयोग. आणि थिअरी किती करायची, ओहमचा नियम अन् डेटाशीट वाचता येणं पुरे की ट्रान्झिस्टर नीट शिकूनच पुढे जायचं? कोडिंगमधून इकडे आलेल्यांनी कुठल्या क्रमाने शिकलात ते सांगा प्लीज.