पुरात वाहून गेलेली नदीकाठची लागवड: चूक निवडीत की वेळेत?

काठकरी
आमचा पंधरा-वीस जणांचा गट दर रविवारी सकाळी नदीकाठी काम करतो. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर आम्ही काठाच्या एका पट्ट्यातील सुबाभळीचे रान पूर्ण साफ केले आणि त्या जागी करंज, अर्जुन, जांभूळ व उंबर यांची दोनशे रोपे लावली. सगळी झाडे स्थानिक असल्यामुळे ती सहज तग धरतील, अशी आमची समजूत होती. पहिल्याच मोठ्या पुरात पाण्यालगतच्या दोन रांगा आळ्यांसकट वाहून गेल्या, काठ हातभर खचला आणि मोकळ्या झालेल्या जागेत आता सुबाभळीचीच रोपे वाफ्यात पेरल्यासारखी दाट उगवली आहेत. वरच्या अंगाची रोपे मात्र बरी आहेत. आमची चूक झाडांच्या निवडीत झाली, की लावण्याच्या वेळेत?

वाळुंजीची सावली
झाडे चुकलेली नाहीत, त्यांच्या जागा चुकल्या आहेत. काठाला पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवरची वनस्पती वेगळी असते. अगदी पाण्यालगत, जिथे दरवर्षी पूर अंगावरून जातो, तिथे सरळसोट खोडाचे कोवळे रोप टिकण्याची शक्यता फार कमी. तिथे लव्हाळा, वाळा, शेरणीचे झुडूप आणि वाळुंज (विलोच्या जातीचे झाड) यांचेच काम. शेरणी तर पात्रातल्या खडकांच्या फटींत मुळे रोवून उभी असते. तिच्या लवचीक फांद्या पाण्याबरोबर आडव्या होतात आणि पूर ओसरला की पुन्हा उभ्या राहतात. (लव्हाळ्याची म्हण आपल्या सगळ्यांना पाठ असते, पण रोपवाटिकेत गेलो की आपण उंच रोपेच उचलतो.) त्याच्या वरच्या उतारावर निरगुडी आणि करंज, तर माथ्याजवळ अर्जुन, जांभूळ, उंबर, असा क्रम ठेवावा.

वेळेबद्दलही थोडे सांगतो. माथ्यावरची लागवड पावसाच्या सुरुवातीला करणे योग्यच आहे, परंतु पाण्यालगतची लागवड पूर ओसरल्यावर, काठ ओला असतानाच करावी, म्हणजे पुढचा पूर येईपर्यंत मुळांना सात-आठ महिने मिळतात. वाळुंजीला रोपाचीही गरज नसते. अंगठ्याएवढ्या जाडीची, हातभर लांबीची फांदी खालून तिरपी कापावी, पहारीने आधी भोक पाडून तिचा दोन तृतीयांश भाग ओल्या मातीत जाईल अशी रोवावी आणि भोवतालची माती टाचेने घट्ट दाबावी, कारण मातीत पोकळी राहिली की फांदी वाळते.

रानमोडी
वरील मताशी सहमत आहे, परंतु माझ्या मते खरे नुकसान लागवडीपूर्वीच झाले होते. सुबाभूळ बाहेरून आलेली आणि आक्रमक असली, तरी त्या काठाची माती तिच्याच मुळांनी धरून ठेवलेली होती. ती ऐन पावसाच्या तोंडावर सरसकट काढली की काठ उघडा पडणारच. आम्हीही एकदा हाच उत्साह दाखवला होता. आता आम्ही एका वेळी थोडाच पट्टा घेतो, शेंगा पिकण्यापूर्वी झाडे कापतो, पण बुंधे उपटत नाही. बुंध्यातून फुटवे येतात आणि ते पुन्हापुन्हा खुडावे लागतात, हे काम कंटाळवाणे आहे खरे. तोवर जुनी मुळे काठ सांभाळतात आणि शेजारी लावलेली झुडपे जोम धरतात.

उगवलेली दाट रोपे या पावसातच काढा. जमीन भिजलेली असताना ती मुळासकट हाताने निघतात. एकदा सोटमूळ खोल गेले की कुदळ लागते. बियांचे कवच कठीण असल्यामुळे त्या जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहतात, तेव्हा एका हंगामात काम संपेल अशी अपेक्षा ठेवू नका.

पाणथळ
एक छोटी भर. जांभळाचे बी साठवून ठेवू नये, ते लवकर निर्जीव होते. फळ पडताच गर धुऊन लगेच पेरावे. आणि गाळात आपोआप उगवलेले उंबर किंवा करंज दिसले, तर त्याभोवती काट्यांचे कुंपण करावे. अशा रोपाने जागा स्वतःच निवडलेली असते.

काठकरी
सर्वांचे आभार. खचलेल्या भागात लव्हाळ्याचे गड्डे आणि वाळुंजीच्या फांद्या आधी लावू, आणि उरलेल्या सुबाभळीला यंदा फक्त शेंगा धरू देणार नाही. एक शंका राहते: फांदीची वरची बाजू कोणती, हे कापल्यावर नवीन मंडळींना ओळखू येत नाही.

वाळुंजीची सावली
म्हणूनच खालचे टोक तिरपे आणि वरचे सपाट कापायचे. फांदीवरच्या डोळ्यांची (कोंबांची) टोके वरच्या दिशेला आहेत ना, तेवढे रोवण्यापूर्वी पाहून घ्यावे.