२० मजली लिफ्टच्या शाफ्टमध्ये लेझरचा ठिपका बारीक कसा ठेवायचा? बीम एक्स्पांडर चालेल का?

ओळंबा_कळवा

नमस्कार मंडळी. मी १७ वर्षं लिफ्ट उभारणीची कामं करतो. सध्या घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे एका २० मजली इमारतीत दोन लिफ्ट बसवतोय. पिटच्या, म्हणजे शाफ्टखालच्या खड्ड्याच्या, तळापासून वरच्या स्लॅबपर्यंत ६२ मीटर. नेहमीप्रमाणे वरच्या टेम्प्लेटवरून (आखणीची चौकट) ओळंब्यासाठी पियानो वायर सोडल्या, खालची वजनं तेलाच्या डब्यात बुडवली. पण मजल्यांवरची दारं अजून बसलेली नाहीत. खाडीकडून वारा सुटला की वायर थरथरते ती थांबतच नाही. पहाटे सहाला येऊन मापं घेतो, पण माझ्या पोरांना रोज इतक्या लवकर बोलावणं जमत नाही.

म्हणून ताळा करायला हिरवा लेझर पॉइंटर आणला. ५ मिलिवॅटचा, असं त्यावर लिहिलंय. वरून खाली मारला. वरच्या मजल्यावर ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा, पिटमध्ये उतरून बघतो तर पुरीएवढा! पट्टी लावली, साडेसात सेंटिमीटर. लिफ्टचे रूळ धरणारे ब्रॅकेट मला मिलिमीटरच्या हिशेबात बसवायचेत, या पुरीचा मध्य कुठे धरू?

भाचा म्हणाला, बीम एक्स्पांडर लाव, म्हणजे दोन भिंगांची नळी. पण तो तर किरण आधी जाड करतो म्हणे. जाड करून बारीक कसा होणार? आणि पॉइंटरच्या तोंडाला लावून हातात धरला तर चालेल का?

नेरूळ_सर्व्हे

हातात अजिबात नको. हात दशांश अंश हलला तरी ६२ मीटरवर ठिपका ११ सेंटिमीटर सरकतो. एक्स्पांडर पॉइंटरलाच जोडलेला असेल तर तोही हाताबरोबर हलणार, त्याने थरथर कमी होत नाही. आधी स्लॅबवर लोखंडी चॅनल आवळून त्यावर क्लॅम्प करा.

भिंगघर_वाशी

दादा, भाचा बरोबर सांगतोय. मी हौसेने दुर्बिणीचे आरसे घासतो, हा हिशेब रोजचा आहे.

प्रकाश जितक्या अरुंद तोंडातून निघेल तितका पुढे जास्त फाकतो. तुमच्या पॉइंटरमधून किरण निघतो जेमतेम १ मिलिमीटरचा आणि फाकतो साधारण १.२ मिलिरेडियन, म्हणजे हजार मीटरला १.२ मीटर. ६२ ला १.२ ने गुणा, ७४ मिलिमीटर. तुमची पुरी हीच. रुंदी दहापट केली की फाकणं दहा पटींनी उतरतं. निघताना १० मिलिमीटर, वाटेत साडेसातची भर, खाली १७ ते १८. भिंगांमधलं अंतर किंचित वाढवून किरण तळावरच एकवटेल असं केलंत, तर ७-८ मिलिमीटरवर येईल.

नवीन काही विकत घेऊ नका. जुनी १० बाय ५० ची बायनॉक्युलर शोधा, एक बाजू निकामी झालेली चालेल. डोळा लावतो त्या बाजूने लेझर आत सोडा, मोठ्या भिंगातून दहापट रुंद किरण निघेल. फोकसचं चाक फिरवून ठिपका तळावर आवळायचा. लेझर भिंगाच्या बरोबर मध्यातून जाऊ द्या. भिंग पुसून घ्या, धुळीचा एक कण असला तरी ठिपक्याभोवती कडी उमटतात.

आता जे सांगतोय ते पोरांनाही वाचून दाखवा. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात डोळ्याला इजा होऊ नये यासाठी ५ मिलिवॅटचा किरण निदान १६ मिलिमीटर रुंद झालेला हवा. तुमचा साधा पॉइंटर तेवढा साधारण १२ मीटरवरच होतो. एक्स्पांडर लावल्यावर ती रुंदी यायला जवळपास ५० मीटर लागतील, आणि तळावर फोकस केलात तर अख्ख्या शाफ्टमध्ये ती कुठेच येणार नाही. म्हणजे पुरी दिसत होती तेव्हा पिटमधला माणूस सुरक्षित होता, बारीक ठिपक्याखाली तो सुरक्षित नाही. पिट रिकामं करून, खाली पांढरा पुठ्ठा ठेवून मगच लेझर चालू करा. वर कोणी बघायचं नाही. आणि डब्यावरच्या ५ मिलिवॅटवर भरवसा ठेवू नका. स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर कधीकधी नसतोच, तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण आत पोहोचतो.

ठिपका बारीक झाला म्हणजे किरण ओळंब्यात आला असं नाही. त्यासाठी पिटमध्ये परातभर काळं ऑइल ठेवा. तेलाचा पृष्ठभाग आपोआप पाणसळीत असतो. किरण तेलावरून परतून वर मोठ्या भिंगावर आला की काम झालं. परतलेला ठिपका १० मिलिमीटर बाजूला पडला तर खाली चूक ५ मिलिमीटरची, कारण परतीत ती दुप्पट होऊन दिसते.

ओळंबा_कळवा

आठ दिवसांनी लिहितोय. सासऱ्यांची जुनी बायनॉक्युलर मिळाली, डावी बाजू पडल्यापासून बंद होती. पाइप क्लॅम्पने चॅनलवर आवळली. घरची भाकरीची परात नेली, वाऱ्याने तेलावर लहरी येत होत्या म्हणून भोवती प्लायचा चौकोन उभा केला. परतीचा ठिपका भिंगावर आणायला पाऊण तास गेला, स्लॅबवर कोणी चाललं तरी तो हलायचा. मग सगळ्यांना खाली पाठवलं. जाण्याआधी पोरांना तुमचं डोळ्याचं सगळं वाचून दाखवलं, पिटच्या दाराला साखळी लावली.

मग परात बाजूला करून पुठ्ठा ठेवला. ठिपका ९ मिलिमीटर. पहाटे वायरशी ताडून पाहिला, २ मिलिमीटरच्या आत जुळला. अकराला वायर नाचत होती, ठिपका जागेवर. दुपारी दोननंतर मात्र तो कडेने उकळल्यासारखा दिसतो. लेझर तापतोय का?

भिंगघर_वाशी

लेझर नाही, हवा. वरचा स्लॅब तापला की शाफ्टमध्ये गरम-गार थर सरकतात आणि किरण वाकवतात. दुपारची मापं घेऊ नका. सकाळी अकरापर्यंत आटपा, ढगाळ दिवस मिळाला तर दिवसभर.