कोरडवाहू रानात नांगर बंद करावा का?

ऐरोलीकर (गाव अंबाजोगाईजवळ)
काल वडिलांशी फोनवर वाद झाला. मे महिन्यात ट्रॅक्टरने नांगरट करायचीच, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सोयाबीनचं दोन एकर रान यंदा तसंच राहू द्या. ऐरोलीहून जवळच नेरळला शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांची सगुणा पद्धतीची भातशेती पाहून आलोय. गादीवाफे एकदाच करायचे, चिखलणी नाही, लावणी नाही, साच्याने खुणा करून टोकण, आणि कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. एक धसकट उपटून बघितलं. मुळांना चिकटलेली माती चुरली तर रव्यासारखी मोकळी! आमच्याकडे नांगरटीनंतर डोक्याएवढी ढेकळं निघतात आणि जोराच्या पावसात तीच माती गढूळ होऊन ओढ्याला लागते. दर वर्षी डिझेल जाळून आपण आपलीच माती वाहायला मोकळी करतो.

घणसोली, मूळ गेवराई
दादा, नेरळचा पाऊस आणि आपला पाऊस एक धरू नका. तिथे अडीच हजार मिलीमीटरच्या वर पडतो, बीडला जेमतेम सातशे. नांगर बंद केला तर रान झाकायला काहीतरी पाहिजे ना? ज्वारीचा कडबा जनावरांना, सोयाबीनचं भुसकट गोठ्यात, कपाशीच्या पऱ्हाट्या चुलीत. उरतं काय? उघडं रान न नांगरता ठेवलं की वर पापडी धरते, पहिला पाऊस मुरतच नाही. तणाचं काय करणार? ग्लायफोसेट या तणनाशकावर केंद्राने २०२२ मध्ये निर्बंध आणले, आणि खुरपणीला माणूस मिळत नाही. कपाशीला तर उन्हाळी नांगरट लागतेच. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने काय केलं ते मी घरच्या रानात बघितलंय. नांगरटीने कोष उघडे पडतात, उन्हाने मरतात, पाखरं टिपतात. माझे वडील उगाच नांगर धरत नव्हते.

ठाणे पूर्व, निवृत्त कृषी सहायक
कपाशीपुरतं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण काळी जमीन उन्हाळ्यात आपणहून भेगाळते, हात आत जाईल इतकी. हवा आणि वळवाचं पाणी त्या भेगांतूनच खाली जातं. मुरमाड हलक्या रानाची गोष्ट वेगळी, तिथे मी घाई करणार नाही. शून्य मशागत एकटी चालत नाही. आच्छादन आणि पिकांची फेरपालट सोबत हवी, नाहीतर पापडी धरणारच. सोयाबीनमध्ये तूर घ्या. तुरीची पानगळ गोठ्यात जात नाही, रानातच पडते.

घणसोली, मूळ गेवराई
काका, तुरीच्या पानांनी सगळं रान झाकत नाही. वाऱ्याने निम्मी बांधाला जातात.

ठाणे पूर्व, निवृत्त कृषी सहायक
म्हणून तर सोयाबीन उपटायचं नाही, जमिनीलगत कापायचं. धसकटं पानं अडवतात. भुसकटातलं चार आणे जरी रानात परत टाकलं तरी फरक पडतो. जनावरांचं पोट मारून करा, असं मी म्हणणार नाही.

घणसोली, मूळ गेवराई
ऐरोलीकर, एवढं वडिलांना विचारा: त्या रानात कुंदा, ते चिवट गवत, किती आहे? कुंदा असेल तर आधी खोल नांगरून काशा, म्हणजे त्याची जमिनीतली खोडं, वेचा. नाहीतर दोन पावसाळ्यांत रान हातचं जाईल.

ऐरोलीकर
आत्ताच विचारलं. बांधाकडेच्या पट्टीत आहे, मध्ये नाही. बांधाकडचं नांगरून काशा वेचून घेतो, मधलं एक एकर तसंच ठेवायचं. वडील म्हणाले, "एकच एकर. आणि तूर मी सांगतो तिथं पेरायची."