गच्चीचं काम झाल्यावर कंपनीचा तपासणीवाला घरात घ्यावा का?

गच्ची_लातूर
मंडळी सल्ला पाहिजे. घर वीस वर्षाचं, मागच्या पावसाळ्यात वरच्या खोलीत ओल आली, रंगाचे पोपडे पडायले, म्हणून या उन्हाळ्यात ९०० स्क्वेअर फुटाच्या गच्चीला एका कंपनीच्या गुत्तेदाराकडून वॉटरप्रूफिंग करून घेतलं. ६२ हजार ठरले, ५० दिले, १२ बाकी. पाच वर्षाची वॉरंटी आहे. काल कंपनीतून फोन, आमचा माणूस क्वालिटी चेकला येईल, फुकट आहे, गच्ची बघेल, खालच्या खोल्यांचं छत बघेल, फोटो घेईल. मी हो म्हणून बसलो. तासाभरात गुत्तेदाराचा मेसेज, "सायेब त्याला कशाला बोलवायलात, उगं घोळ करतंय, फोनवरच ओके सांगून टाका." आणि बायको म्हणायली अनोळखी माणूस बेडरूमचे फोटो काढणार असंल तर मुळीच नको. काय करावं?

धाब्याचं_घर
येऊ दे की! गुत्तेदार नको म्हणायलाय ह्यातच सगळं आलं. सोलरचं बघ, ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी, पण महावितरणचा माणूस बघून गेल्याशिवाय जमा होत नाही, तिथं कुणी म्हणतं का घरात येऊ नका म्हणून?

सिडकोकर
तिथं पैसे मिळतात म्हणून चहा पाजून बोलवतात हो, इथं काय मिळायलंय? माझं ऐका. दोन वर्षापूर्वी मे महिन्यात असाच एक पोरगा आला, बूट काढून गच्चीवर गेला, पाय भाजले म्हणून दहा मिनिटात खाली, सोळा-सतरा फोटो, टॅबवर माझी सही, गेला. तिसऱ्याच पावसात जिन्याच्या कोपऱ्यातून धार. फोन केला तर म्हणे सर तपासणीत काम ओके आहे, तुमची सही आहे, नंतर काहीतरी तुमच्याकडूनच झालं असंल. म्हणजे माझ्याच सहीनं मला गप्प केलं. वर दोन महिने मॉड्युलर किचन पाहिजे का म्हणून फोन येत राहिले ते वेगळंच. सुकी गच्ची बघून गळती कळते का? तो माणूस तुझ्यासाठी येत नाही, कंपनीची फाईल बंद करायला येतो.

थापी_ओळंबा
मी गुत्तेदारच आहे, बावीस वर्षं झाली, माझं पण ऐकून घ्या, शिव्या नंतर द्या. कंपनी आमचे दहा टक्के दाबून ठेवती. तपासणीवाला येतो दोन महिन्यांनी. मधल्या काळात मालकानं गच्चीत ड्रिल मारून डिश बसवलेली असती, टाकीचा स्टँड सरकवलेला असतो, आणि भोक माझ्या नावावर. मी तर म्हणतो काम चालू असताना या ना! पहिला हात मारला, दुसरा मारला, कोपऱ्यात जाळी टाकली, कठड्याच्या बुडाचा कोपरा गोल भरून गोला केला, हे तव्हाच दिसतं. वरचा पांढरा हात मारल्यावर खाली एक कोट आहे का तीन, ते कुणाच्या बापाला कळंल?

रिटायर_जेई
वरचे भाऊ बरोबर बोलायलेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरच्या धाब्याच्या मातीखाली. पुढं शाबूत घरांच्या मजबुतीकरणाच्या कामावर मी फिरलोय. भिंतीच्या दोन्ही बाजू एकत्र धरून ठेवायला आरपार बांध बसवायचा असायचा. गिलाव्याच्या आधी गेलं तर डोळ्याला दिसायचं, नंतर गेलं तर भिंतीवर हात फिरवून चहा पिऊन यायचं. तरी आता येतोच आहे तर नुसते फोटो काढू देऊ नका. पन्हळाची तोंडं बंद करून ४८ तास पाणी बांधा. ढाळ शंभराला एक तरी पाहिजे. आणि बाथरूमचं काम केलं असंल तर फरशी नाण्यानं वाजवून बघा, पोकळ असली की बद्द आवाज येतो.

गच्ची_लातूर
काका, पाणी बांधायचं म्हणजे किती?

रिटायर_जेई
दोन इंच धरा.

गच्ची_लातूर
९०० फुटावर दोन इंच म्हणजे सव्वाचार हजार लिटर झालं की! एक टँकर! आमच्याकडं आठ दिवसाला नळ येतो राव. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव हे, गच्चीत पाणी सोडलं दिसलं तर शेजारी दगड मारतील.

रिटायर_जेई
मग सगळ्या गच्चीला नको. गळायचं ते कोपऱ्यात नायतर पन्हळाच्या तोंडाशी. तिथं मातीचा बांध घालून चार-पाच फूट अडवा, बॅरलभर पाण्यात होतं. नंतर तेच पाणी झाडाला.

परभणीची_लेक
सगळे गच्चीवर चढलेत, वहिनी काय म्हणायल्या त्याचं कुणीच बोलंना. आमच्याकडं असाच माणूस दुपारी दोनला आला, घरी आई एकटी, हा सरळ आतल्या खोलीत, कपाट उघडं होतं त्याचे पण फोटो. ओळखपत्र मागितलं तर मोबाईलमधे दाखवलं, त्यात काही दिसंना. तपासणीला माझा विरोध नाही पण रविवारी, घरात माणसं असताना, आदल्या दिवशी नाव कळवून. आणि छताचा फोटो म्हणजे छताचाच, तुमच्यासमोर काढलेला.

धाब्याचं_घर
हे पटलं. पण नकोच म्हणून सांगितलं तर उद्या गळल्यावर कंपनी म्हणंल तुम्ही तपासू दिलं नाही, वॉरंटी गेली. ग्राहक आयोगात जायला २०१९ च्या कायद्यानं दोन वर्षं मिळतात, पाच लाखाच्या आतल्या कामाला फी पण लागत नाही, पण हातात कागद नको का?

सिडकोकर
कागद होता ना माझ्याकडं, माझ्याच विरुद्ध होता! मी म्हणतो १२ हजार दाबून ठेव मृग पडंपर्यंत. पावसापेक्षा मोठा तपासणीवाला नाही.

थापी_ओळंबा
आणि मृग कोरडा गेला तर? माझ्या पोरांची मजुरी कुणी द्यायची, पावसानं? औंदा लेट आहे म्हणायलेत. अर्धे तरी द्या हो.

गच्ची_लातूर
ठरवलं. रविवारी बोलवलंय, मेव्हणा येतोय, गुत्तेदाराला पण सांगितलं तू समोर पाहिजेस. आधी फुगला, मग म्हणला येतो. कोपऱ्यात शनिवारी सकाळीच पाणी अडवतो. सहा हजार आता देतो, सहा पाऊस झाल्यावर.

सिडकोकर
सही करताना "फक्त दोन कोपरे पाणी बांधून बघितले, बाकी गच्ची सुकी" असं लिहून मगच सही कर.

गच्ची_लातूर
त्यांनी फॉर्मचा फोटो पाठवलाय. लिहायला जागाच नाही राव, दोनच चौकोन, ओके आणि नॉट ओके.

सिडकोकर
कागद असंल तर कडेला लिही. टॅब असंल तर सहीच करू नको, मेल कर म्हणावं.