मुकी अक्षरं सगळीच फुकट नसतात

"बोलतो तसंच लिहावं, स्पेलिंगची कटकटच संपेल" असं काहीजण म्हणतात, पण ते तितकं सोपं नाहीये. इंग्रजीचंच बघा, कॅक्स्टन नावाच्या मुद्रकाने 1476 च्या सुमारास इंग्लंडात छापखाना आणला, मग स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं आणि नेमके त्याच काळात स्वरांचे उच्चार बदलत होते, पुढे नाइटमधला (knight, सरदार) सुरुवातीचा 'के' बोलण्यातून गळाला तरी कागदावर राहिलाच, मुकं अक्षर म्हणून. डेटमधला (debt, कर्ज) 'बी' तर विद्वानांनी निव्वळ लॅटिन मूळ दिसावं म्हणून मागाहून घुसवला, हा उद्योग मला अजिबात आवडत नाही.

पण साइनमधला (sign) 'जी' घ्या. तो ऐकू येत नाही, सिग्नेचरमध्ये येतो, त्यामुळे दोन्हींचं नातं डोळ्यांना लगेच दिसतं. कोरियनने तर 1933 च्या लेखननियमांत हे मुद्दाम केलं. फुलासाठीचा शब्द नुसता म्हटला तर शेवटी 'त' ऐकू येतो, पुढे स्वराने सुरू होणारा प्रत्यय लागला की 'छ', तरी लिहायचं कायम 'छ'च, म्हणजे वाचणाऱ्याला शब्द एकाच रूपात भेटतो. किती विचार केलाय त्यांनी!

तुर्कीने 1928 ला लिपीच बदलली आणि उच्चाराला धरून लिहिणं बऱ्यापैकी जमवलं, फक्त तो उच्चार मुख्यतः इस्तंबूलचा, बाकी बोलीवाल्यांना तो वेगळा शिकावाच लागतो.