बाबांची सायकल ५३१ नळीची आहे का?

कसबापेठकर:
बाबांनी जुन्या बाजारातून घेतलेली इंग्लिश सायकल. स्टिकर नाही, वर रंगाचे तीन थर. बाबा ठामपणे म्हणायचे, "रेनॉल्ड्स ५३१ आहे ही." म्हणजे रेनॉल्ड्स या इंग्लिश कंपनीची भारी मिश्रधातूची नळी. ते आता नाहीत आणि त्यांच्या हातचा रंग खरवडायला माझा हात धजत नाही. न खरवडता कळेल का?

फ्रीव्हील:
कळेल. सीटचा दांडा काढा, व्हर्नियरने मोजा. इंग्रजी मापाची सीटची नळी बाहेरून २८.६ मिमी. आत २५.४ चा दांडा असेल तर भिंत १.६ मिमी, म्हणजे साधं जाड पोलाद. २७.२ बसत असेल तर भिंत ०.७. इतकी पातळ नळी सहसा चांगल्या मिश्रधातूचीच. फक्त नळीच्या तोंडाशी असलेली चीर दाबली गेलेली नाही ना, ते आधी बघा. तिथेच माप फसतं.

कर्वेनगरी:
टॉर्च मारून आतही बघा. उभा सांधा दिसला तर ५३१ नाही, ती नळी बिनसांध्याची. आणि काका, २७.२ म्हणजे ५३१च असं नाही, कोलंबस एसएल या इटालियन नळीलाही तेच माप. पुढच्या चाकाचा चिमटा उतरवून त्याच्या वरच्या पोकळ दांडीत खालच्या बाजूने बोट घाला. पीळदार कंगोरे लागले तर कोलंबस. टिचकी मारून आवाजावर अजिबात जाऊ नका.

कसबापेठकर:
रात्रीच उघडली. दांडा २७.२, सांधा नाही, दांडी आतून गुळगुळीत. आईला सांगितलं, ती सायकलीपाशी बराच वेळ उभी होती. रंग तसाच ठेवतोय.